परवाना मागावा कोणाकडे?
दक्षिण ध्रुवखंडाविषयी एक पूरक पाठ

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांस पूरक. शिक्षकांच्या उपयोगासाठी.)

पृथ्वीच्या नकाशात अगदी तळाशी पसरलेला पांढरा पट्टा दाखवून, "हे अंटार्क्टिका खंड, येथे कोणत्याही एका देशाचे राज्य नाही," असे शिक्षकाने सांगितले, की वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "मग तेथे वाटेल त्याने जावे काय?" उत्तर 'नाही' असे आहे. तेथे जावयाचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. हे उत्तर ऐकले की दुसरा प्रश्न आपोआपच उभा राहतो. जी जमीन कोणाचीच नाही, तिचा परवाना द्यावयाचा कोणी? पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचाही आहे. त्याचे उत्तर शिक्षकास नीट देता यावे, एवढाच या पाठाचा उद्देश. लासलगाव व आसपासच्या गावांतील शाळांतून हा पाठ घेताना ध्रुवाची गोष्ट बर्फापासून सुरू करण्याचा मोह होईल. तो आवरावा. आरंभ शेताच्या बांधापासून करावा.

गाजरगवताची साक्ष

निफाड तालुक्यातील कोणत्याही गावात, कांद्याच्या वावराच्या कडेला, रस्त्याच्या दुतर्फा, शाळेच्या कुंपणाशी गाजरगवत उभे असते. काही लोक त्यास काँग्रेस गवत म्हणतात. विद्यार्थ्यांना ते पुरते ओळखीचे आहे; त्याच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते, गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, आणि कितीही उपटले तरी पुढच्या पावसाळ्यास ते हजर असते. हे गवत येथले नव्हे. त्याचे मूळ घर अमेरिका खंडात. आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास ते प्रथम लक्षात आले. परदेशातून आणलेल्या धान्याबरोबर त्याची बी आली असावी, असे सामान्यतः मानले जाते. कोणी ते मुद्दाम पेरले नाही. कोणाच्या मनात अपाय करावयाचे नव्हते. धान्य आणणे हे तर उपकाराचेच काम होते. तरीही बी आली आणि रुजली, आणि देशभर पसरल्यावर तिला परत पाठविणे कोणासही साधले नाही.

विद्यार्थ्यांच्या मनात ही गोष्ट ठसली म्हणजे पाठाचा अर्धा भाग झाला असे समजावे. पुढे त्यांना विचारावे, "ही बी ज्या दिवशी बंदरात उतरली, त्या दिवशी कोणी पोती तपासली असती तर?" हाच प्रश्न ध्रुवप्रदेशातील परवान्याच्या मुळाशी आहे.

या तपासणीचे उदाहरणही दूर शोधावयास नको. ते लासलगावीच आहे. भाभा अणु संशोधन केंद्राने येथे 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र उभारले व ते २००२ साली सुरू झाले. कांद्यास कोंब फुटू नयेत म्हणून त्याजवर गॅमा किरणांची प्रक्रिया करावयाची, हा त्याचा मूळ हेतू. परंतु २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेस पाठविण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा हे केंद्र निराळ्याच कारणाने नावारूपास आले. आंब्याच्या कोयीत भुंगा असतो, गरात फळमाशीची अळी असू शकते. आंब्याबरोबर हे जीव आपल्या बागांत उतरू नयेत, अशी अमेरिकेची अट होती. म्हणून कोकणचा हापूस घाट चढून लासलगावी येऊ लागला, किरणांखालून गेला, तपासला गेला, आणि मग पुढे विमानात चढला. आंबा पाठविणारा आणि आंबा खाणारा या दोघांच्या मध्ये एक तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे ज्या भूमीत तो आंबा जावयाचा ती भूमी. तिच्या वतीने कोणीतरी अट घालावी लागते. अमेरिकेच्या वतीने तेथले सरकार ती घालते. अंटार्क्टिकेस सरकारच नाही; तिच्या वतीने कोण बोलणार?

थंडीची स्मरणशक्ती

येथे शिक्षकाने थोडा वेळ भूगोलाकडे वळावे. अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. पैकी बहुतेक सर्व भूमी बर्फाच्या थराखाली गाडलेली आहे. उघडी, बिनबर्फाची जमीन फार थोडी. आणि शेवाळे, पक्ष्यांची घरटी, सीलांची विश्रांतिस्थाने व माणसांची संशोधनकेंद्रे ही सर्व त्या थोड्या जमिनीवरच दाटीने वसलेली आहेत. फुले येणाऱ्या देशी वनस्पती तेथे अवघ्या दोन. एक प्रकारचे गवत आणि एक बुटके, उशीसारखे वाढणारे रोपटे. शेवाळ्याची गादी वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढते. तिच्यावर उमटलेले पाऊल कित्येक वर्षे तसेच दिसते. आपल्याकडे उकिरड्यावर टाकलेली वस्तू ऊन, पाऊस, वाळवी व सूक्ष्मजंतू मिळून लवकर खाऊन टाकतात. तेथे ही मंडळी जवळजवळ नाहीत. टाकलेले तसेच राहते.

अशा ठिकाणी परके गवत पोचले काय? पोचले. किंग जॉर्ज बेटावर पोलंडचे आर्क्टोव्स्की नावाचे संशोधनकेंद्र आहे. तेथे १९८५-८६ च्या उन्हाळ्यात एक साधे गवत उगवलेले आढळले. युरोपात अंगणात, पायवाटेवर कोठेही दिसणारे हे सामान्य गवत. केंद्राच्या परिसरातून ते पसरले. पुढे हिमनदी मागे हटल्याने मोकळ्या झालेल्या जमिनीवरही ते दिसू लागले. अखेर ते हाताने उपटून काढण्याचे काम शास्त्रज्ञांना अंगावर घ्यावे लागले. दुसऱ्या एका बेटावर, सिग्नी येथे, १९६० नंतरच्या दशकात दक्षिण जॉर्जियातून काही रोपे प्रयोगासाठी आणून लावली होती. त्यांच्या मातीतून चिलटाच्या जातीचा एक न उडणारा कीटक आला. प्रयोग केव्हाच संपला. कीटक अद्याप तेथेच आहे.

ही दोन्ही उदाहरणे वर्गात सांगताना एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष अवश्य वेधावे. हे गवत, हा कीटक कोणा हौशी प्रवाशाने नेलेला नाही. अभ्यासकांच्या वाटेने तो गेला. २००७-०८ च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञांच्या एका गटाने अंटार्क्टिकेस निघालेल्या माणसांचे कपडे, बूट व पिशव्या झाडून पाहिल्या. माणशी सरासरी नऊ-दहा बिया निघाल्या. आणि दरमाणशी हिशेब केला असता, प्रवाशांपेक्षा संशोधनासाठी जाणाऱ्यांच्या अंगावर अधिक बिया होत्या. कारण उघड आहे. प्रवासी बहुधा नवे कपडे घेऊन निघतो. संशोधक आपला रानात वापरलेला, खिशाखिशांत कुसळे अडकलेला जुनाच अंगरखा चढवितो. "आम्ही ज्ञानासाठी जातो, आम्हांस परवाना कशाला?" हा युक्तिवाद या एका मोजणीने निकालात निघाला.

ज्याचे त्याने आपल्या माणसास विचारावे

आता मूळ प्रश्नाकडे यावे. अंटार्क्टिकेच्या निरनिराळ्या भागांवर सात राष्ट्रांनी हक्क सांगितलेला आहे. इतरांनी तो मान्य केलेला नाही. हे भांडण न मिटविता बाजूस ठेवण्याची युक्ती १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी केली. त्या दिवशी सही झालेला अंटार्क्टिक करार २३ जून १९६१ पासून अमलात आला. त्या खंडाचा उपयोग केवळ शांततेसाठी व्हावा, शास्त्रीय शोध सर्वांना मोकळा असावा, लष्करी तळ नसावेत, अणुस्फोट व किरणोत्सारी कचरा नसावा, आणि जुन्या हक्कांची चर्चा आहे तेथेच गोठवून ठेवावी, असे त्यात ठरले. आज पन्नासांहून अधिक राष्ट्रे या करारात आहेत. भारत १९ ऑगस्ट १९८३ रोजी करारात सामील झाला, आणि त्याच वर्षीच्या १२ सप्टेंबरला त्यास निर्णयात मत देण्याचा अधिकार मिळाला.

करार झाला म्हणून लगेच शहाणपण आले असे मात्र नाही. अमेरिकेने १९६२ साली आपल्या मॅकमर्डो केंद्रावर एक लहानशी अणुभट्टी चालू केली. ती सतत बिघडे. १९७२ साली ती बंद करावी लागली, आणि मग भट्टीबरोबर भोवतीची दूषित माती व खडकही खणून जहाजांवर चढवून अमेरिकेस परत न्यावे लागले. १९८९ च्या जानेवारीत 'बाहिया पाराइसो' हे अर्जेंटिनाचे जहाज सामान व प्रवासी घेऊन जात असता खडकावर चढले, आणि सुमारे सहा लक्ष लिटर तेल पक्ष्यांच्या वसाहतींलगतच्या समुद्रात सांडले. अशा प्रसंगांनंतर करार-राष्ट्रांनी १९९१ साली माद्रिद येथे पर्यावरण-रक्षणाचा स्वतंत्र मसुदा स्वीकारला. तो १४ जानेवारी १९९८ पासून लागू आहे. खनिजांसाठी खोदकाम त्यायोगे बंद झाले. बर्फगाडी ओढणारे कुत्रेदेखील १ एप्रिल १९९४ पर्यंत परत न्यावेत असे ठरले, कारण कुत्र्यांचे रोग सीलांस लागण्याचे भय होते. (ध्रुवावरील कुत्र्यांच्या गोष्टी मुलांनी वाचलेल्या असतात. आज तेथे एकही कुत्रा नाही हे त्यांना सांगावे. ते त्यांच्या फार ध्यानात राहते.)

याच मसुद्यात परवान्याचे मर्म आहे. अंटार्क्टिकेच्या दारावर पहारेकरी नाही, म्हणून प्रत्येक राष्ट्राने आपल्या घरच्या दारावर पहारा बसवावयाचा. भारतातून मोहीम निघाली तर तिने भारताकडे परवाना मागावयाचा; नॉर्वेतून निघाली तर नॉर्वेकडे. गावाच्या सामाईक गायरानास राखणदार नसेल, तर ज्या त्या घरधन्याने आपली गुरे आपल्याच गोठ्याच्या दाराशी मोजून सोडावीत, तसाच हा प्रकार. गायरान टिकते ते कुंपणामुळे नव्हे; सगळी घरे मोजणी करतात म्हणून. एका घराने कुचराई केली तर बाकीच्यांची मोजणी व्यर्थ. या व्यवस्थेतील दुबळा सांधाही नेमका हाच आहे, आणि तो विद्यार्थ्यांपासून लपवू नये. करारात नसलेल्या देशाचा झेंडा लावून जाणारे जहाज या मोजणीतून निसटू शकते. एका उन्हाळ्यात एकंदर किती प्रवासी तेथे जावेत, याची कमाल मर्यादा करार-राष्ट्रांनी अद्याप ठरविलेली नाही.

आपल्या देशाचा कायदा

भारताने आपल्या दारावरचा पहारा कायद्याने बसविला तो २०२२ साली. 'भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२' संसदेने त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात संमत केला, आणि ६ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यास संमती मिळाली. त्याअन्वये परवान्यावाचून, अथवा दुसऱ्या एखाद्या करार-राष्ट्राच्या लेखी अनुज्ञेवाचून, भारतीय मोहिमेस अंटार्क्टिकेत प्रवेश करता येत नाही व राहताही येत नाही. परवाने देण्यासाठी एक समिती आहे, आणि केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव तिचे अध्यक्ष असतात. परवाना देण्यापूर्वी त्या कामाचा तेथील निसर्गावर काय परिणाम होईल याचा विचार व्हावा लागतो, आणि कचऱ्याची व्यवस्था आधीच लिहून द्यावी लागते. निर्जंतुक न केलेली माती नेण्यास मनाई आहे. परवान्यावाचून खनिजे गोळा करणे किंवा परका प्राणी वा वनस्पती तेथे नेणे या गुन्ह्यांस सात वर्षांपर्यंत कैद व दहा ते पन्नास लक्ष रुपये दंड सांगितला आहे.

दंडाचा आकडा ऐकून मुले स्तिमित होतील. एका रोपट्यासाठी सात वर्षे? त्यांना पुन्हा गाजरगवताची आठवण द्यावी.

परदेशी कंपनीच्या जहाजाने सहलीस जाणाऱ्या भारतीय प्रवाशाचे काय, असा प्रश्न एखादा पालकही विचारील. ज्या कंपनीच्या जहाजावर तो चढतो, तिने आपल्या देशाकडून त्या फेरीची अनुज्ञा घेतलेली असते. प्रवासी त्या अनुज्ञेच्या छत्राखाली जातो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या फेरीस कोणत्या देशाची अनुज्ञा आहे, हे त्याने विचारून घ्यावे.

गोव्याहून निघालेली वाट

हा सारा विषय महाराष्ट्रास परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मुरगाव बंदरातून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे प्रमुख होते. एकवीस जणांची तुकडी 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजाने गेली व ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. पुढे 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र उभे राहिले. ते बर्फाच्या थरावरच बांधले होते; बर्फाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० साली त्याचा वापर थांबला. दरम्यान १९८९ पासून खडकाळ जमिनीवर 'मैत्री' हे केंद्र काम करू लागले. तिसरे केंद्र 'भारती', २०१२ सालचे. या मोहिमांची सर्व व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून होते.

'भारती'ची इमारत वर्गात वर्णन करण्यासारखी आहे. माल भरण्याच्या १३४ पेट्या, म्हणजे ज्यांना बाजारात कंटेनर म्हणतात त्या, जोडून ती उभारली. लासलगावच्या मुलांना कंटेनर काय असतो हे सांगावे लागत नाही. येथला कांदा त्यांतूनच बंदराकडे जातो. या रचनेचा एक फायदा असा, की केंद्राची गरज संपली म्हणजे पेट्या सुट्या करून जशा आणल्या तशा परत नेता येतील. बांधकामास हात लावण्यापूर्वी भारतास त्याचा परिणाम-अहवाल तयार करून इतर करार-राष्ट्रांच्या हाती द्यावा लागला, आणि त्यांचे आक्षेप ऐकून घ्यावे लागले. स्वतंत्र राष्ट्राने स्वतःचे घर बांधताना शेजाऱ्यांपुढे नकाशा ठेवावा, यात काहींना कमीपणा वाटेल. पण त्याच नियमाने भारतही इतरांचे नकाशे तपासतो.

यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. मैत्री केंद्राच्या भागात 'दक्षिण गंगोत्री' याच नावाची एक हिमनदी आहे. तिचे टोक किती पुढे आले वा मागे गेले याची मोजणी भारतीय भूवैज्ञानिक १९८३ पासून करीत आले आहेत. वर्षानुवर्षांची ही नोंद अखंड राहावी, कोणाच्या पायांनी वा यंत्रांनी ती जागा विस्कटू नये, म्हणून ती खास संरक्षित करावी असा प्रस्ताव भारतानेच मांडला; २००५ साली तो मान्य होऊन ती जागा विशेष संरक्षित क्षेत्रांच्या यादीत १६३ क्रमांकाने नोंदली गेली. अशा क्षेत्रात खास परवान्यावाचून कोणासही जाता येत नाही. ज्या भारतीयांनी ती जागा राखून घेतली, त्यांनाही नाही. शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. स्वतःच घातलेल्या कुंपणाबाहेर उभे राहून आत येण्याची परवानगी मागणारे हे शास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना नीट दिसले पाहिजेत.

जाता जाता आणखी एक गंमत. ५ एप्रिल २०२४ रोजी भारती केंद्रावर टपालखात्याची शाखा उघडली. ती महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या कक्षेत असून तिला 'एमएच-१७१८' असा तात्पुरता क्रमांक देण्यात आला. म्हणजे टपालापुरते तरी दक्षिण ध्रुवखंडाचे एक टोक महाराष्ट्रास जोडलेले आहे.

सहलीचा भाग

संशोधकांपेक्षा आता प्रवाशांची संख्या पुष्कळ मोठी झाली आहे. अंटार्क्टिकेच्या सफरींस नियमितपणा आला तो १९६६ पासून. आजकाल एका उन्हाळ्यात एक लक्षाहून अधिक प्रवासी त्या बाजूस जातात, बहुतेक सर्व दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील उशुआया बंदरातून. (तेथला उन्हाळा म्हणजे आपला कार्तिक ते फाल्गुन, गोलार्धांची उजळणी येथे सहज होते.) सफरी नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ साली आपला एक संघ स्थापून स्वतःस नियम लावून घेतले. एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर शंभराहून अधिक माणसे उतरवावयाची नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणासच उतरवावयाचे नाही. पेंग्विनांपासून किमान पाच मीटर अंतर राखावयाचे, आणि पेंग्विन वाटेत आला तर वाट त्याची. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात धुवावे लागतात, खिसे व कपड्यांच्या शिवणी झाडाव्या लागतात. पक्ष्यांना होणाऱ्या इन्फ्लुएंझाची साथ २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्य खंडावर पोचल्याची खात्री झाली. आता पक्ष्यांच्या वस्तीजवळ जमिनीवर बसण्यास किंवा पिशवी टेकविण्यासही मनाई असते.

हे नियम पाळले जातात, बहुधा चांगले पाळले जातात. परंतु शंभर-शंभरांच्या तुकड्या एकाच सुंदर किनाऱ्यावर दिवसामागून दिवस उतरत राहिल्या, तर प्रत्येक तुकडी निर्दोष असूनही किनारा तुडवला जातो. सुट्या परवान्यात ही बेरीज दिसत नाही. २०२४ च्या मे महिन्यात करार-राष्ट्रांची सभा कोची येथे भरली असता प्रवाशांविषयी एक समग्र नियमावली तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. ते लवकर पुरे होणे बरे. लक्षाचे दोन लक्ष होण्यास वाट पाहावी लागणार नाही.

उत्तर ध्रुवाकडची स्थिती थोडक्यात सांगावी. तेथे मधोमध समुद्र आहे व काठाच्या भूमीस धनी आहेत. म्हणून परवाना त्या त्या देशाचा. स्वालबार बेटांवर नॉर्वेचा कायदा चालतो. १ जानेवारी २०२५ पासून तेथील संरक्षित भागात दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजास मज्जाव आहे. भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून याच बेटांवर आहे.

घरचा परवाना

पाठाच्या अखेरीस मुलांना पुन्हा निफाड तालुक्यात आणावे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर-मध्यमेश्वर येथील जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडून हजारो पक्षी उतरतात. भारतात हिवाळा काढणारा छोटा टिलवा तर थेट उत्तर ध्रुववृत्ताकडील प्रदेशात अंडी घालतो. मुठीएवढा पक्षी, पण दोन्ही घरे राखली गेली तरच तो जगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात अभयारण्यात जाण्यासाठी परवाना सांगितला आहे आणि तो कोणत्या कामांसाठी द्यावा हेही सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसांशी असलेला रीतसर व्यवहार. अभ्यास आणि सहल ही दोन्ही कामे तेथे एकाच रांगेत उभी आहेत, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे.

पौष-माघात शाळेची सहल नांदूर-मध्यमेश्वरास न्यावयाची असल्यास अर्ज मुख्याध्यापकांनी एकट्याने न लिहिता वर्गाकडून लिहून घ्यावा. माणसे किती, किती वेळ थांबणार, काय पाहणार, बरोबर काय नेणार, त्यातले काय परत आणणार. शेवटच्या दोन रकान्यांवर मुलांचा बराच वाद होतो. तो होऊ द्यावा. शेंगांची टरफले परत आणावयाची की नाही, येथपासून त्यांना प्रश्न पडतात. मग हाच अर्ज 'भारती' केंद्रास निघालेल्या एका काल्पनिक तुकडीसाठी पुन्हा लिहावयास सांगावे.

दुसरा प्रयोग बिनखर्चाचा आहे. मधल्या सुट्टीत मैदानावरून व बांधावरून फिरून आल्यावर प्रत्येक मुलाने जुन्या टूथब्रशाने आपल्या चपलांचे तळवे, पायजम्याच्या वा फ्रॉकच्या कडा व खिशांचे कोपरे एका पांढऱ्या कागदावर झाडावेत. आघाड्याची फळे, कुसळे, गोखरूचे काटे, गाजरगवताची बारीक काळी बी यांतून जे निघेल ते मोजून पाटीवर नोंदवावे आणि वर्गाची सरासरी काढावी. ती नऊ-दहांहून किती अधिक येते ते पाहावे. मग कागदावरील सर्व झाडलोट एका कुंडीत ओल्या मातीवर पसरून तारीख लिहून ठेवावी व रोज थोडे पाणी घालावे. पंधरा दिवसांनी जे उगवेल त्यातील रोपे मुलांकडून ओळखवून घ्यावीत. न ओळखू येणाऱ्या रोपांविषयी गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास शाळेत बोलावून विचारावे. ओळख पटल्यानंतर फुले धरण्यापूर्वी ती सर्व उपटून टाकावीत, आणि कुंडीतील माती मैदानावर न ओतता शाळेतच एका डब्यात झाकून ठेवावी.